रिसेप्टर जागचे हलतात : शिकणं, विसरणं आणि मेंदूचे काही आजार

प्रश्न : मी नागपुरात बारावीला जीवशास्त्र शिकवते. पुस्तकात रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि रसायन म्हणजे किल्ली, एवढंच येतं. मुलं विचारतात, मग आठवण नेमकी कुठे राहते, आणि स्मरणशक्ती वाढवायची गोळी का निघत नाही? दुसरं घरचं आहे. माझ्या आईचं वय 72. हात थरथरतात, चाल मंदावली, म्हणून पार्किन्सनच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी त्या गोळ्यांना हात न लावता आधी तिची ॲसिडिटीची कॅप्सूल बंद केली. पोटाच्या औषधाचा मेंदूच्या रिसेप्टरशी काय संबंध?

उत्तर : मॅडम, कुलूप-किल्लीचं चित्र चुकीचं नाही, अर्धं आहे. कुलूप दाराला ठोकलेलं असतं. रिसेप्टर तसे नसतात. पेशीच्या पृष्ठभागावर ते सरकतात, पेशीच्या आत ओढले जातात, पुन्हा वर येतात, काही मोडीत निघतात आणि त्यांच्या जागी नवे बनतात. मी न्यूरॉलॉजीत इतकी वर्षं जे आजार पाहत आलो, त्यांतल्या अनेकांत अमुक रसायन कमी पडलं किंवा जास्त झालं, एवढ्याने उलगडा होत नाही. ते रसायन पकडणारे रिसेप्टर त्या घडीला कुठे आहेत, किती आहेत आणि मोकळे आहेत की अडलेले, हे पाहावं लागतं. तुमच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, आणि आईंच्या दुखण्याचंही.

आधी थोडी मांडणी. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत आणि एकेक पेशी हजारो जोडण्यांत गुंतलेली असते. या जोडणीला आपण सिनॅप्स म्हणतो. तिथे दोन पेशींमध्ये साधारण 20 नॅनोमीटरची फट असते. अलीकडची पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरचे रिसेप्टर ते पकडतात. वर्तमानपत्रांत नावं येतात डोपामिन आणि सेरोटोनिनची, पण मेंदूचं क्षणाक्षणाचं काम मुख्यतः दोन रसायनांवर चालतं : चेतवणारं ग्लुटामेट आणि शमवणारं गाबा. काही रिसेप्टर स्वतःच आयनांची वाट असतात, त्यांचं काम मिलिसेकंदांत उरकतं. काही पेशीच्या आतल्या जी-प्रथिनांमार्फत निरोप देतात, ते सावकाश चालतं पण दूरवर पोचतं. हे तुम्ही शिकवताच, म्हणून पुढे जातो.

ग्लुटामेटच्या रिसेप्टरांपैकी दोन इथे महत्त्वाचे, ॲम्पा आणि एनएमडीए. ॲम्पाचं काम सरळ आहे. ग्लुटामेट चिकटलं की वाट उघडते, सोडियम आत येतं, पेशी चेतते. एनएमडीएच्या वाटेत मात्र मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो, त्यामुळे नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही. पलीकडची पेशी त्याच वेळी पुरेशी चेतलेली असेल, तरच मॅग्नेशियम बाहेर फेकला जातो आणि कॅल्शियमला आत यायला वाट मिळते. शिवाय ग्लायसिन किंवा डी-सेरीनचा रेणूही सोबत लागतो. म्हणजे अलीकडून संदेश आला आणि पलीकडची पेशी नेमकी तेव्हाच जागी होती, या दोन घटना एकत्र घडल्याची नोंद हा एक रेणू घेतो. डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये म्हटलं होतं, की एक पेशी दुसरीला चेतवण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्यांच्यातली जोडणी पक्की होत असली पाहिजे. तेव्हा ती निव्वळ कल्पना होती. मॅग्नेशियमचा हा अडथळा 1984 मध्ये दाखवला गेला आणि हेब यांच्या कल्पनेला एक खराखुरा रेणू मिळाला. निवासी डॉक्टरांना हा भाग शिकवताना मला आजही तितकाच हुरूप येतो.

आता कॅल्शियम आत आल्यावर काय होतं ते पाहा, कारण शिकण्याचा गाभा तिथे आहे. कॅल्शियम भरपूर आणि झपाट्याने आलं, तर कॅमके-टू नावाचं एन्झाइम जागं होतं आणि पेशीच्या आत साठवून ठेवलेले ॲम्पा रिसेप्टर सिनॅप्सवर आणले जातात. पुढच्या वेळी तितकंच ग्लुटामेट आलं तरी प्रतिसाद मोठा मिळतो. जोडणी बळकट झाली. कॅल्शियम थोडं आणि संथपणे झिरपत राहिलं, तर फॉस्फटेज एन्झाइमं पुढे येतात आणि ॲम्पा रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढले जातात. जोडणी कमकुवत झाली. एकाच रिसेप्टरमधून आलेलं एकच आयन, पण त्याचं प्रमाण आणि वेग यावरून मेंदू ठरवतो की ही जोडणी धरायची की सैल करायची. काही सिनॅप्सवर तर सुरुवातीला एनएमडीए असतात आणि ॲम्पा नसतातच. जोडणी डोळ्यांना दिसते, पण मुकी असते. पुरेशी चेतना मिळाली की तिथे ॲम्पा येतात आणि ती बोलू लागते. बाळाच्या वाढत्या मेंदूत अशा मुक्या जोडण्या भरपूर असतात.

हे बळकट होणं प्रत्यक्ष पाहिलं ते टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी. ऑस्लोमध्ये भूल दिलेल्या सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात, त्यांनी थोडा वेळ झपाट्याने विद्युत चेतना दिली, आणि त्यानंतर त्या मार्गावरचा प्रतिसाद तासन्‌तास वाढलेला राहिला. हा शोधनिबंध 1973 चा. पण सिनॅप्स बळकट झाला म्हणजे प्राणी काही शिकला, असं कशावरून? त्याचं एक ठोस उत्तर रिचर्ड मॉरिस यांच्या गटाने 1986 मध्ये दिलं. गढूळ पाण्याच्या टाकीत पृष्ठभागाखाली एक पाट लपवलेला असतो आणि पोहणाऱ्या उंदराला तो कुठे आहे हे लक्षात ठेवावं लागतं. एनएमडीए रिसेप्टर अडवणारं औषध मेंदूत सोडल्यावर उंदरांना ती जागा नीट शिकता आली नाही. वर्गात सांगायला मला हा प्रयोग फार आवडतो. उंदीर पोहतो, पाहतो, फक्त जागा मनात धरता येत नाही.

मग आठवण कुठे राहते? एका पेशीत नाही, एका रेणूत तर नाहीच. ती असते असंख्य जोडण्यांच्या कमी-अधिक बळात. एच.एम. या आद्याक्षरांनी ओळखला गेलेला अमेरिकेतला रुग्ण मुलांना जरूर सांगा. फिट थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर त्याला बालपण आठवायचं, पण नुकतीच भेटलेली व्यक्ती तो काही मिनिटांत विसरायचा. तरीही आरशात पाहून आकृती गिरवायचं कसब तो दिवसागणिक सुधारत गेला, आणि आदल्या दिवशी आपण हे केलंय याची त्याला आठवण नसायची. घटनांची आठवण आणि हाताचं कसब मेंदूच्या वेगवेगळ्या मार्गांवर चालतात, हे त्याच्यामुळे स्वच्छ कळलं. मला यात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. एकेका ॲम्पा रिसेप्टरचं आयुष्य काही दिवसांचंच असतं. लहानपणी कळमन्याच्या बाजारात हरवल्याची आठवण साठ वर्षं टिकते, पण ती ज्या प्रथिनांवर उभी आहे ती त्या काळात असंख्य वेळा बदलून गेलेली असतात. टिकतं ते कोणत्या जोडणीवर किती रिसेप्टर असावेत हे प्रमाण, आणि ते पेशी सतत राखत असते.

गोळीचा प्रश्न. फेब्रुवारी लागला की धंतोलीत, रामदासपेठेत बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे आईवडील मुलांना घेऊन येतात : डॉक्टर, स्मरणशक्तीसाठी काहीतरी लिहून द्या. मी लिहून देत नाही, आणि का देत नाही हे सांगायला वेळ काढतो. 1999 मध्ये प्रिन्स्टनमधल्या ज्यो त्सिएन यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, ज्यांच्या मेंदूत एनएमडीए रिसेप्टरचा एनआर-टू-बी हा घटक जास्त बनत होता. हा घटक कोवळ्या वयात जास्त असतो आणि वयानुसार त्याचं प्रमाण घटतं. त्याने रिसेप्टरची वाट जरा जास्त वेळ उघडी राहते. ते उंदीर खरोखर लवकर शिकले आणि जास्त काळ लक्षात ठेवू लागले. जगभर गाजावाजा झाला. पण दोन वर्षांनी, 2001 मध्ये, दुसरी बाजू छापून आली : अशाच उंदरांत सुजेमुळे होणारं दुखणंही जास्त काळ टिकून राहत होतं. शिकवणारा रिसेप्टर वेदनाही शिकवतो. मेंदूच्या सगळ्या भागांत पसरलेल्या अशा रिसेप्टरची ताकद गोळीने वाढवायची, तर फक्त रसायनशास्त्राच्या धड्यापुरती ती वाढवता येत नाही.

नीटच्या तयारीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चहा-कॉफीवर जागणाऱ्या मुलांना याच्याच जोडीने अ‍ॅडेनोसिन सांगा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, ते आपल्या रिसेप्टरांना चिकटलं की झोप येते. कॅफिन ते रिसेप्टर अडवतं. झोपेची जाणीव दबते, झोपेची गरज तशीच राहते. आणि झोपेत काय होतं? 2017 मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं, की झोपेच्या काळात अनेक सिनॅप्सवरचे ॲम्पा रिसेप्टर कमी केले जातात. दिवसभरात सगळीकडे वाढलेलं बळ आवरून घेतलं जातं, म्हणजे दुसऱ्या दिवशी नवं शिकायला वाव राहतो. रात्रीची झोप मोडून केलेला अभ्यास मला म्हणूनच वाया गेलेला वाटतो. पालकांना मी हे अगदी स्पष्ट सांगतो, त्यांना ते आवडो न आवडो.

आता आजार. रिसेप्टर जागा बदलतात ही गोष्ट मला सर्वांत जास्त जिथे टोचते, तो आजार म्हणजे न थांबणारी फिट. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या वर गेली तर तिला आम्ही स्टेटस एपिलेप्टिकस धरून उपचार सुरू करतो. लोरॅझेपाम, मिडॅझोलाम, डायझेपाम ही औषधं गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात. गाबाचा परिणाम ती वाढवतात, क्लोराइड पेशीत जास्त शिरतं, पेशी शांत होते. पण त्यासाठी रिसेप्टर पृष्ठभागावर असायला हवेत. फिट चालूच राहिली की सिनॅप्सवरचे हेच गाबा-ए रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जाऊ लागतात, आणि त्याच वेळी एनएमडीए रिसेप्टर वर येतात. शमवणारे घटले, चेतवणारे वाढले. म्हणून जे औषध दहाव्या मिनिटाला फिट सहज थांबवतं, तेच औषध तितक्याच मात्रेत तासाभराने पुरेसं ठरत नाही. मग आम्हाला भूल देऊन व्हेंटिलेटरवर घ्यावं लागतं. कधी केटामिन वापरावं लागतं, जे एनएमडीए अडवतं. त्यामागचं कारणही हेच.

आपल्याकडे गडचिरोलीहून नागपूरला यायला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडतात, अहेरी आणि भामरागड त्याच्याही पलीकडे. छिंदवाडा, बालाघाटचे रुग्णही इथेच येतात. इतक्या वेळात रिसेप्टर आत गेलेले असतात. त्यात आधी कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, तोंडात चमचा घालणं यात वेळ जातो. माझं सगळ्या फिटच्या रुग्णांच्या घरच्यांना कळकळीचं सांगणं असतं : मिडॅझोलामचा नाकात मारायचा स्प्रे भारतात मिळतो. वजनाप्रमाणे किती मारायचा हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरी ठेवा. रुग्णाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, पाच मिनिटं झाली की स्प्रे मारा आणि 108 ला फोन करा. अमेरिकेत 2012 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी स्नायूत मिडॅझोलामचं इंजेक्शन दिलेल्यांपैकी 73 टक्के रुग्णांची फिट दवाखान्यात पोचण्याआधी थांबली होती. शिरेतून लोरॅझेपाम दिलेल्यांत हे प्रमाण 63 टक्के होतं. शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचला, हेच मुख्य कारण.

दारूचंही गणित असंच आहे. दारू गाबा-एचा परिणाम वाढवते आणि एनएमडीएला दाबते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू वर्षानुवर्षांत तोल सांभाळायला गाबाचे रिसेप्टर मंदावतो आणि एनएमडीए वाढवतो. मग अपघातात पाय मोडून तो माणूस हाडांच्या वॉर्डात भरती होतो, दारू एकदम बंद होते, आणि पहिल्या दोन दिवसांत फिट येते किंवा तिसऱ्या दिवशी तो भ्रमात बडबडायला लागतो. नातेवाईक डॉक्टरांपासून दारूची गोष्ट लपवतात, ही मोठी अडचण. भरती करतानाच सांगा. डॉक्टरांना ते माहीत असलं तर हे बऱ्याच वेळा टाळता येतं.

ज्या आजाराने रिसेप्टरांबद्दलची माझी समजच पालटली, तो एनएमडीए रिसेप्टरविरोधी एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूचा दाह. जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये तो नीट ओळखून मांडला. बहुधा तरुण मुलगी असते. थोडा ताप, डोकेदुखी, मग काही दिवसांत झोप उडते, वागणं बदलतं, संशय, भीती, असंबद्ध बोलणं. पुढे फिट येतात, तोंडाच्या आणि जिभेच्या विचित्र हालचाली सुरू होतात, बोलणं बंद पडतं, नाडी आणि रक्तदाब वर-खाली होतात. शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांनी एनएमडीए रिसेप्टरला पकडलेलं असतं. दोन-दोन रिसेप्टर एकत्र बांधले जातात आणि पेशी त्यांना आत ओढून घेते. सुरुवातीला पेशी मेलेली नसते, तिच्यावरचे रिसेप्टर कमी झालेले असतात. म्हणूनच हा आजार बरा होऊ शकतो. उपचार म्हणजे स्टिरॉइड, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं), प्लाझ्मा बदलणं, नाही भागलं तर प्रतिकारशक्ती दाबणारं रिटुक्सिमॅब. काही जणींत अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ असते, ती काढावी लागते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 577 रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी दहापैकी साधारण आठ जण चांगल्या स्थितीत होते, आणि उपचार जितके लवकर तितका निकाल चांगला होता.

आपल्याकडे घोटाळा होतो तो सुरुवातीला. पोरीच्या अंगात आलं, कुणी काही खाऊ घातलं, बाहेरचं आहे, म्हणून दोन-तीन आठवडे देवस्थानं आणि भगत यांच्यात जातात. कधी नुसतं मनोविकाराचं औषध सुरू राहतं. मनोविकारतज्ज्ञांकडे नेणं अगदी योग्यच आहे. पण आधी धडधाकट असलेली मुलगी काही दिवसांत इतकी बदलली, त्यात फिट किंवा तोंडाच्या हालचाली दिसल्या, तर पाठीतलं पाणी तपासायला उशीर करू नका. त्या पाण्यातल्या प्रतिपिंडांची तपासणी रक्ताच्या तपासणीपेक्षा जास्त भरवशाची असते. महिनाभर न बोललेली मुलगी उपचारांनंतर हळूहळू उठून बसते, आईला ओळखते, काही महिन्यांनी पुन्हा कॉलेजला जाते. भरतीच्या काळातलं मात्र तिला बहुधा काहीच आठवत नाही. शिकवणारा रिसेप्टरच त्या काळात जागेवर नव्हता.

ॲम्पा रिसेप्टरचं एक उदाहरण विदर्भातल्या मुलांना फार जवळचं आहे : लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात धानाच्या ओलीवर ही लाख घेतली जाते. तिच्यात ओडॅप नावाचं अमिनो आम्ल असतं, ते 1964 च्या सुमारास भारतीय प्रयोगशाळांतच ओळखलं गेलं. त्याचा आकार ग्लुटामेटशी जुळतो, ते ॲम्पा रिसेप्टरला चिकटतं आणि पेशीला गरजेबाहेर चेतवत राहतं. दुष्काळात दुसरं काही न मिळाल्याने महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखच खाल्ली गेली, तेव्हा पायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या वरच्या चेतापेशी खराब होऊन माणसं कायमची अधू झाली. पाय ताठ, चालताना एकमेकांवर येणारे, बुद्धी मात्र शाबूत. ही प्लॅस्टिसिटी, म्हणजे शिकताना जोडण्या बदलणं नव्हे, हा विषारी अतिरेक. याला आम्ही लॅथिरिझम म्हणतो. भात-भाजीसोबत अधूनमधून खाल्लेल्या लाखोळीने हा आजार होत नाही. भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तर ओडॅप बरंच कमी होतं, आणि रतन, प्रतीक, महातिवडा यांसारखे कमी ओडॅपचे वाण आता आहेत. बंदी घालावी की नाही या वादात नागपुरात बरीच वर्षं गेली. माझं मत असं, की धोका डाळीपेक्षा तिच्यावरच सर्वस्वी जगायला लावणाऱ्या उपासमारीत होता.

ग्लुटामेटच्या अतिरेकामुळे लकव्यातही पेशी मरतात, म्हणून 1990 च्या दशकात एनएमडीए अडवणारी औषधं लकव्याच्या रुग्णांना देऊन पाहिली गेली. ती फसली. औषध पोचेपर्यंत अतिरेकाचा काळ सरलेला असायचा, आणि मग तोच रिसेप्टर उरलेल्या पेशींना तग धरायला हवा असायचा, शिवाय भ्रमासारखे दुष्परिणाम होते. अल्झायमरमध्ये दिलं जाणारं मेमँटिन हेही एनएमडीए अडवतं, पण ते सैल चिकटतं आणि चटकन सुटतं. सतत झिरपणारी चेतना ते थोपवतं, खरा संदेश आला की वाट सोडतं. फायदा बेताचाच, आजार त्याने थांबत नाही, आणि हे मी घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगतो.

आता आईंबद्दल. त्यांची कॅप्सूल मी पाहिलेली नाही, पण वर्णनावरून तिच्यात ॲसिडिटीच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड असणार, असा माझा दाट अंदाज आहे. आपल्या बाजारात रॅबेप्राझोल, पँटोप्राझोल किंवा इसोमेप्राझोल यांच्याबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये हे औषध सर्रास मिळतं. पोट पुढे सरकावं, फुगारा कमी व्हावा म्हणून ते घालतात. ते डोपामिनचे डी-टू रिसेप्टर अडवतं. पोटात अडवतं, तसं मेंदूतही. चालीवर आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या स्ट्रायटम या भागात डी-टू अडले की डोपामिन पुरेसं असूनही पोचत नाही, आणि पार्किन्सनसारखीच लक्षणं दिसतात. उतारवयात डोपामिन बनवणाऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि वयाने मूत्रपिंडं मंदावलेली असतात, त्यामुळे तरुणाला न बाधणारी मात्रा सत्तरीतल्या बाईला बाधते. उलटीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करसाठी महिनोन्‌महिने चालणारं सिनारिझिन, अर्धशिशीचं फ्लुनारिझिन यांचंही हेच. चक्करची गोळी पाच दिवसांसाठी लिहिलेली असते आणि लोक ती मेडिकलमधून आणून दोन वर्षं खातात. औषधाने आलेला पार्किन्सन माझ्या बाह्यरुग्ण विभागात नेहमीच दिसतो, आणि थांबवता येण्यासारख्या आजारांत मी त्याला फार वर धरतो. मनोविकाराची काही औषधंही डी-टू अडवतात, पण ती स्वतःहून कधीही बंद करू नका, ती आवश्यक असतात.

दुसऱ्या डॉक्टरांनी कॅप्सूल आधी बंद केली, हे अगदी बरोबर केलं. रिसेप्टर अडलेला असताना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत डोपामिन बनणारं पार्किन्सनचं औषध, देऊन वरून डोपामिन ओतलं तरी ते पोचायचं कुठे? पार्किन्सनच्या गोळ्यांमध्ये ट्रायहेक्सिफेनिडिल असेल तर मात्र त्यांच्याशी बोला. ती गोळी ॲसिटिलकोलिनचे मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवते. थरथर कमी होते, पण म्हाताऱ्या माणसात विसराळूपणा, गोंधळ, रात्री भास होणं, लघवी अडकणं हे त्याने होतं. धोतऱ्याचं बी खाल्लेल्याला भ्रम होतो तोही याच रिसेप्टरमुळे, आणि कापसावर फवारणी करताना ऑर्गनोफॉस्फेटची बाधा झालेल्याला आम्ही ॲट्रोपिन देतो ते याच रिसेप्टरवरचा अतिरेक थांबवण्यासाठी. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीसाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, सगळी कमी-अधिक हेच करतात. आईंचं लक्ष लागत नाही, नावं आठवत नाहीत अशी तक्रार असेल, तर स्मृतिभ्रंशाची भीती घालून घेण्याआधी ही यादी तपासायला हवी. ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम न थांबवता डॉक्टर हळूहळू उतरवतात.

अडवणारं औषध बंद झालं तरी दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही. काहींना काही आठवड्यांत बरं वाटतं, काहींना सहा महिने लागतात, क्वचित त्याहून जास्त. चालीचा व्हिडिओ दर महिन्याला काढून ठेवा, डोळ्यांना रोजच्या रोज फरक कळत नाही. सहा महिन्यांनंतरही थरथर आणि मंदपणा तसाच राहिला, विशेषतः एका बाजूला जास्त, तर आतून खरा पार्किन्सन सुरू झालेला असू शकतो आणि कॅप्सूलने तो फक्त लवकर उघडा पाडला. तेव्हा ट्रोडॅट नावाचा स्कॅन उपयोगी पडतो. त्यात डोपामिन बनवणाऱ्या पेशींची टोकं किती शाबूत आहेत ते दिसतं. नुसता रिसेप्टर अडला होता तर स्कॅन नॉर्मल येतो, पेशी झिजल्या असतील तर फिका येतो. तोवर पुन्हा तपासणीला जाल तेव्हा घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, रिकाम्या पट्ट्यांसकट, चिठ्ठीशिवाय आणलेलीही. आणि आईंना ॲसिडिटीसाठी पुढे काही लिहून मिळालं, तर कॅप्सूलवर लेव्होसल्पिराइड हे नाव आहे का, ते काउंटरवरच पाहून घ्या.